आरसी ट्रकचे गिअर पुन्हापुन्हा जातायत? तुटलेला गिअर फेकण्याआधी हे करा

माझ्या १:१० मापाच्या आरसी, म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या, ट्रकचा पहिला स्पर गिअर (मोटरकडून ताकद घेणारा मोठा गिअर) गेला तेव्हा मी नवा आणून बसवला. तो तीन दिवसांत गेला. तिसरा एका बॅटरीपुरताही टिकला नाही. जिथून सुटे भाग घेत होतो तिथे सल्ला मिळाला, ‘प्लास्टिकचा कशाला, स्टीलचा टाका.’ टाकला. आठवडाभर ट्रक छान पळाला, मग मागच्या डिफमधून (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरांचा संच) कटकट सुरू झाली आणि आतला क्राउन गिअर फुटला. खर्च स्परच्या कितीतरी पट झाला.

तेव्हा कुठे मी सगळा ट्रक टेबलावर मोकळा केला. मोटर धरणाऱ्या दोन स्क्रूंपैकी खालच्याचे आटे गेले होते, त्यामुळे जोर आला की मोटर तिरकी होत होती. त्या तिरक्या मोटरवरच्या पिनियनचे, म्हणजे तिच्या दांड्यावरच्या छोट्या गिअरचे, दाते एका बाजूने आकड्यासारखे वळले होते. प्रत्येक नवा स्पर मी त्याच आकड्यांच्या तोंडी देत होतो.

तुटतो तो गिअर बहुतेक वेळा दोषी नसतो. दोष शेजारी असतो आणि त्याच्या खुणा तुटलेल्या दात्यांवर उमटलेल्या असतात. खालचा क्रम त्या खुणा वाचत मूळ कारणापर्यंत जाण्याचा आहे. माझ्यासमोर १:१० चा, ५४० मापाच्या मोटरचा ट्रक आहे, पण लहान-मोठ्या ट्रकलाही हाच क्रम लागू पडतो.

आधी ताकदीचा रस्ता डोक्यात पक्का करा: मोटर, तिच्या दांड्यावरचा छोटा धातूचा पिनियन, त्याला लागून मोठा स्पर (बहुधा नायलॉनचा), स्परला जोडलेला स्लिपर क्लच (जोर जास्त आला की घसरणारा), गिअरबॉक्स, डिफ, ड्राइव्ह शाफ्ट, शेवटी चाकामागचा षटकोनी हेक्स. पुढची सगळी तपासणी याच रस्त्याने जाते.

## हाताशी काय हवं

१.५, २ आणि २.५ मिमीच्या ॲलन की. या मात्र चांगल्या पोलादाच्याच घ्या. ट्रकसोबत मिळणारी मऊ की ग्रब स्क्रूचं (पिनियन दांड्यावर आवळणारा बिनडोक्याचा स्क्रू) भोक गोल करून टाकते आणि मग तो स्क्रू काढण्यात अख्खी संध्याकाळ जाते.

डिजिटल व्हर्नियर, टॉर्च, वहीचा कागद, जुना टूथब्रश, आयसोप्रोपिल अल्कोहोल, निळं थ्रेडलॉकर (स्क्रू सुटू न देणारा द्रव; लॉकटाइट २४३ किंवा तसंच मध्यम पकडीचं), थोडं ग्रीस, आणि स्क्रू ठेवायला बर्फाचा ट्रे. भिंग नसेल तर मोबाइलच्या कॅमेऱ्याने झूम करून फोटो काढा, दाते त्यात उत्तम दिसतात.

ट्रकचं माहितीपुस्तक आणि सुट्या भागांची आकृती कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या. भागांचे क्रमांक त्यात असतात. नुसतं ‘स्पर गिअर द्या’ म्हणून मागवलेला भाग चुकीचा येतो, आणि बाहेरून येणाऱ्या मालाला लागणारे आठवडे वाया जातात.

## १. बॅटरी काढा आणि आवाज आठवा

नुसतं बटण बंद करून चालणार नाही. बॅटरीचा प्लग काढा. रिमोटला धक्का लागून स्पर फिरला तर बोटाची कातडी जाते.

आता शेवटच्या फेरीचा आवाज आठवा. बारीक, सतत वाढणारी शिट्टीसारखी किणकिण असेल तर पिनियन-स्पर फार घट्ट बसलेत. टरटर किंवा खडखड असेल तर ते सैल आहेत. थ्रॉटल दिल्यावरच कटकट, एरवी शांत असेल तर संशय डिफवर. वळताना येणारी टकटक बहुधा ड्राइव्ह शाफ्टच्या सांध्याची असते. पुढच्या वेळी कोणी मित्र चालवत असताना ट्रकच्या बाजूने मोबाइलवर आवाज ध्वनिमुद्रित करा. चालवणाऱ्याला लांबून जे ऐकू येत नाही ते त्यात येतं.

## २. मोटर फिरते पण ट्रक हलत नाही?

नवखे इथे लगेच गिअरबॉक्स उघडतात. थांबा. चार जागा पाहायच्या, सोपी आधी.

चाकाचा नट काढा. हेक्समधली आडवी पिन जागेवर आहे का? ती दोन-तीन मिमी जाडीची पिन पडली की तक्रार हुबेहूब गिअर गेल्यासारखी दिसते. मग चाकाच्या आतला षटकोन गोल झालाय का ते पाहा. त्यानंतर पिनियन बोटांनी धरून दांड्यावर फिरतो का बघा. फिरत असेल तर ग्रब स्क्रू सैल. तिसरी जागा स्लिपर, त्याचा नट फार ढिला असेल तर स्पर फिरतो पण ताकद पुढे जात नाही. या सगळ्यांनंतर चौथी जागा स्परचे दाते.

## ३. दाते वाचा

गिअर काढा, अल्कोहोल आणि ब्रशने साफ करा, उजेडात धरा. स्पर आणि पिनियन दोन्ही. घाई करू नका, सगळ्यात जास्त माहिती इथेच मिळते.

फक्त टोकं गोल झालीत किंवा छाटली गेलीत, बुंधा नव्यासारखा. दोन गिअर एकमेकांत पुरेसे शिरत नव्हते. एक तर मेश (दोन गिअर एकमेकांत किती बसतात ते) सैल लावलं होतं, नाहीतर चालताना मोटर मागे सरकली. मोटरचे स्क्रू पाहा.

बुंध्याशी चकाकी, खरवडल्याच्या खुणा, कडेला वितळलेल्या प्लास्टिकची लव. मेश घट्ट होतं. पिनियनची टोकं स्परच्या खाचेच्या तळाला घासत होती. अशा ट्रकची मोटरही गरम होते आणि बॅटरी लवकर उतरते, पण लोक दोष बॅटरीला देतात.

दात्याची रुंदी एका बाजूला झिजलेली, दुसऱ्या बाजूला शाबूत. दोन दांडे समांतर नाहीत. मोटर तिरकी, मोटरची पट्टी वाकलेली किंवा बेअरिंग गेलेलं. माझ्या तिन्ही स्परवर हीच खूण होती.

झीज मधेच थांबते आणि न झिजलेल्या भागाची पायरी दिसते. पिनियन दांड्यावर फार आत किंवा फार बाहेर बसलाय, स्परची पूर्ण रुंदी वापरात नाही. पिनियन सरकवून पुन्हा घट्ट करा.

तीन-चार लागोपाठचे दाते उडालेले, बाकी सगळे उत्तम. हा एका फटक्याचा परिणाम. उडीनंतर थ्रॉटल दाबलेला असताना चाकं जमिनीला टेकली, किंवा चाक दगडात अडकलं असताना मोटरला जोर दिला. त्याच जागी खोल गोलसर खड्डा असेल तर खडा आत गेला होता. गिअरवरचं झाकण तुटलंय का ते पाहा.

सगळेच दाते बारीक, पुढच्या अंगाने टोकदार. जुनी झीज किंवा धूळ. आता पिनियन बोटाच्या नखाने तपासा. दात्यावरून नख एका दिशेने सहज जातं आणि उलट दिशेने अडकतं का? अडकत असेल तर पिनियन आकड्यासारखा झालाय. तो ठेवून नवा स्पर लावू नका.

नव्या गिअरचे दाते पहिल्या काही मिनिटांतच दोन्ही अंगांनी कुरतडलेले. माप चुकलंय. पायरी ६ आधी वाचा.

पिनियन कशाचा आहे तेही पाहा. ॲल्युमिनियमचा पिनियन हलका असतो, पण वरचा कठीण थर गेला की झपाट्याने झिजतो आणि त्याची करडी-काळी पूड स्परला पॉलिश पेपरसारखी घासते. झाकणाच्या आत अशी पूड दिसली तर कठीण केलेल्या स्टीलचा पिनियन घ्या. स्टीलवर पैसे घालायचे तर ते इथे घाला, स्परवर नको. नायलॉनचा स्पर घरातल्या फ्यूजसारखा आहे. तो स्वस्त आहे, दहा मिनिटांत बदलतो, आणि फटका स्वतःवर घेऊन डिफ वाचवतो. तो स्टीलचा केला की फटका पुढे सरकतो.

## ४. मोटर घट्ट धरलेली आहे का

पिनियन बोटांत धरून मोटर पुढे-मागे, वर-खाली हलवून पाहा. जरासुद्धा हलता कामा नये.

मोटरचे स्क्रू बहुधा एम३ असतात. ते काढून आटे तपासा. आटे गेले असतील तर नुसतं जास्त आवळून उपयोग नाही, पट्टी किंवा मोटरचं तोंड बदलावं लागतं. लांब स्क्रू लावून वेळ मारून नेण्याचा मोह होतो. तसं करताना स्क्रू मोटरच्या पत्र्यातून आत किती शिरतो ते मोजा. जास्त शिरला तर आतल्या तारांच्या वेटोळ्याला टेकतो आणि मोटर जळते.

ग्रब स्क्रू दांड्याच्या सपाट भागावरच बसला पाहिजे. गोल भागावर आवळला तर त्या क्षणी घट्ट वाटतो आणि दोन उड्यांत सुटतो. ५४० मोटरचा दांडा ३.१७५ मिमीचा असतो, १:८ मापाच्या बऱ्याच ब्रशलेस मोटरचा ५ मिमीचा. पिनियनचं भोक त्यानुसार घ्या.

दांडा आणि आटे अल्कोहोलने पुसा, निळ्या थ्रेडलॉकरचा एक छोटा थेंब, आणि आवळा. थेंब मोटरच्या बेअरिंगमध्ये जाऊ देऊ नका. प्लास्टिकवरही सांडू देऊ नका, काही प्लास्टिकला त्याने तडे जातात. लाल थ्रेडलॉकर इथे वापरू नका. ते सोडवायला चांगलीच उष्णता द्यावी लागते, आणि शेजारी नायलॉन आहे.

## ५. बेअरिंग

स्परचा दांडा धरून आडवा हलवा. खटखट प्ले (सैलपणा) जाणवला तर बेअरिंग गेलं. काढलेलं बेअरिंग बोटावर फिरवा. खरखर लागली किंवा अडकलं तर बदला. काही स्वस्त ट्रकमध्ये बेअरिंगऐवजी नुसते बुश (बिनगोळ्यांची कडी) असतात. ते पहिल्यांदाच काढून बेअरिंग घातलेली बरी.

बेअरिंगसाठी ट्रकच्या कंपनीवर अवलंबून राहायची गरज नाही. ती प्रमाणित मापाची असतात. ५×११×४ मिमी म्हणजे एमआर ११५, ५×१०×४ म्हणजे एमआर १०५, १०×१५×४ म्हणजे ६७०० झेडझेड. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला किंवा तुमच्या शहरातल्या बेअरिंगच्या दुकानात हा क्रमांक सांगा. ‘झेडझेड’ म्हणजे पत्र्याचं झाकण, ‘२आरएस’ म्हणजे रबराचं. मुरमात आणि पावसाळी चिखलात चालवणार असाल तर रबराचं.

जुनं बेअरिंग बाहेर आल्यावर त्याची बैठक बघा. प्लास्टिकच्या घरातली बैठक मोठी झाली असेल तर नवं बेअरिंगही आत हलत राहणार. तेव्हा घरच बदलावं लागतं.

## ६. गिअरचं माप: इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात

दात्यांच्या आकाराच्या दोन पद्धती चालतात. पिच (४८पी, ३२पी) ही इंचातली, आणि मॉड्यूल (०.५, ०.८, १) ही मिलिमीटरमधली. पिचचा आकडा वाढला की दाता बारीक होतो, मॉड्यूलचा वाढला की दाता मोठा होतो. २५.४ ला पिचने भागलं की मॉड्यूल मिळतं: ४८पी म्हणजे ०.५३, ३२पी म्हणजे ०.७९.

यावरून लगेच कळेल की ३२पी आणि ०.८ मॉड्यूल जवळजवळ एकच आहेत आणि एकमेकांत चालतात. पण ४८पी आणि ०.५ मॉड्यूल चालत नाहीत. डोळ्यांना ते सारखेच दिसतात, हाताने फिरवले तर फिरतातही, आणि मैदानावर पाच मिनिटांत स्पर कुरतडला जातो.

ओळखायचं कसं? व्हर्नियरने गिअरचा बाहेरचा व्यास मोजा आणि त्याला (दाते + २) ने भागा. २० दात्यांच्या पिनियनचा व्यास ११.६ मिमी आला तर ११.६ ÷ २२ = ०.५३, म्हणजे ४८पी. ११.० आला तर ०.५ मॉड्यूल. फरक फक्त ०.६ मिमीचा आहे, म्हणून व्यास नीट मोजा. दात्यांची संख्या सम असलेला गिअर मोजायला घ्या. विषम असेल तर एका बाजूला टोक आणि समोर खाच येते, व्यास कमी भरतो. झिजलेल्या गिअरचाही कमी भरतो.

## ७. मेश लावा

वहीच्या कागदाची बोटभर रुंद पट्टी कापा. मोटरचे स्क्रू सैल करा. पट्टी पिनियन आणि स्परमध्ये घाला, मोटर स्परकडे दाबा, स्क्रू आवळा, मग गिअर फिरवून पट्टी बाहेर काढा. पट्टीवर नागमोडी घडी पडलेली हवी, कागद फाटलेला नको.

आता पिनियन एका हाताने घट्ट धरा आणि स्पर हलवा. अगदी किंचित टिक जाणवली पाहिजे. टिक नसेल तर घट्ट, डोळ्यांनी दिसण्याइतकी हालचाल असेल तर सैल.

बहुतेकजण इथे थांबतात. तुम्ही थांबू नका. स्पर पाव-पाव फेरा फिरवून चार जागी हीच टिक तपासा. प्लास्टिकचा स्पर पूर्ण गोल क्वचितच असतो. एखाद्या जागी टिक नाहीशी होत असेल तर त्या सर्वांत घट्ट जागी कागद घालून मेश पुन्हा लावा, म्हणजे बाकी ठिकाणी थोडं सैल राहील. ते चालतं, उलटं चालत नाही.

पिनियनचे दाते बदलले की मेश नव्याने लावायचंच. ४८पी मध्ये एक दाता वाढला की मोटर सुमारे ०.२६ मिमी मागे जावी लागते, कागदाच्या जाडीपेक्षा दुपटीहून जास्त.

स्पर-पिनियनला ग्रीस लावू नका. ग्रीसला धूळ चिकटते आणि घासायची पेस्ट तयार होते. ग्रीस बंद घरातल्या धातूच्या गिअरसाठी. कोकणात किंवा गोव्यात किनाऱ्यावर ट्रक चालवला असेल तर त्याच दिवशी झाकण उघडून वाळू झटका. ओल्या खाऱ्या वाळूत एक रात्र राहिलेली बेअरिंग सकाळी खरखरतात.

## ८. स्लिपर क्लच

काही ट्रकमध्ये तो नसतो, असेल तर त्याचं काम फटका गिळायचं आहे. नट पूर्ण आवळून टाकला तर तो मेल्यात जमा, प्रत्येक फटका दात्यांवर येतो. फार ढिला ठेवला तर घर्षणाने तापतो आणि स्परचा मधला भाग वितळतो, जळका वास येतो.

माहितीपुस्तकात दिलेल्या फेऱ्यांपासून सुरुवात करा. मग चांगल्या पकडीच्या जागी, जसं कोरड्या डांबरावर, उभ्या ट्रकला एकदम पूर्ण थ्रॉटल द्या. सुटताना पहिल्या अर्ध्या मीटरभर बारीक ‘झ्झ’ ऐकू येऊन बंद झाला पाहिजे. आवाजच आला नाही तर नट पाव फेरा सोडा, लांबला तर पाव फेरा आवळा.

## ९. डिफ

उघडण्याआधी हाताने तपासा. स्पर घट्ट धरा आणि मागचं एक चाक फिरवा. दुसरं चाक तेवढंच उलटं फिरलं पाहिजे, मऊपणे. खरखर लागली तर आत काहीतरी झिजलंय. मग कोणाला तरी दुसरं चाक धरायला सांगा. स्पर आणि ते चाक दोन्ही धरलेले असताना तुमचं चाक कटकट करत फिरत असेल तर आतले दाते तुटलेत. फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर मधला शाफ्ट काढून पुढचा आणि मागचा डिफ वेगवेगळा तपासा, नाहीतर एकाचा दोष दुसऱ्यावर जातो.

उघडल्यावर दोन गोष्टी वेगळ्या पाहायच्या. एक, क्राउन गिअर आणि त्याला फिरवणारा छोटा तिरका गिअर यांच्यातली फट. फट जास्त असेल तर क्राउनच्या मागच्या बाजूला ०.१ किंवा ०.२ मिमीची शिम (पातळ चकती) घाला. एक घाला, बंद करा, फिरवून पाहा. फिरवताना जड लागलं तर ती शिम काढा. दोन, डिफच्या पोटातले छोटे गिअर आणि त्यांची आडवी पिन. पिनवर खोबणी पडली असेल तर पिन आणि गिअर एकत्र बदला.

पोटात सिलिकॉन तेल असेल तर ते आडवी पिन बुडेल इतकंच भरा, बुडबुडे वर येईपर्यंत थांबा, मग झाकण लावा. काठोकाठ भरलेलं तेल सीलमधून बाहेर येतं. झाकणाचे स्क्रू समोरासमोरच्या क्रमाने आवळा.

## १०. गिअरिंग आणि हाताची सवय

स्परचे दाते भागिले पिनियनचे दाते, गुणिले गिअरबॉक्सचं आतलं प्रमाण, हे एकूण प्रमाण. ट्रॅक्सस कंपनीच्या स्लॅश ट्रकच्या टू-व्हील ड्राइव्ह गिअरबॉक्सचं आतलं प्रमाण २.७२ आहे. त्यावर ८६ चा स्पर आणि १९ चा पिनियन लावला तर १२.३, पिनियन २३ चा केला तर १०.२. आकडा कमी म्हणजे वेग जास्त, आणि मोटरवर भारही जास्त. मोठी चाकं लावणं किंवा तीन सेलची लायपो बॅटरी टाकणं यानेही भार असाच वाढतो. तीनही एकदम केलं तर गिअर टिकणार नाहीत. चाकं मोठी केली तर पिनियन एक-दोन दाते लहान करा.

चालवताना दोनच गोष्टी सांभाळा. उडी मारली की जमिनीला टेकण्याआधी थ्रॉटल सोडा. आणि पुढे पळणारा ट्रक पूर्ण थांबल्याशिवाय रिव्हर्स देऊ नका.

## ११. पहिली बॅटरी

सगळं जोडल्यावर चाकं उचलून अर्ध्या मिनिटापुरता हलका थ्रॉटल द्या आणि ऐका. मग सपाट जागी दोन मिनिटं चालवा, झाकण उघडा. नव्या स्परची थोडी पूड पहिल्या वेळी दिसते, ती ब्रशने झटका. मोटरच्या पाठीला बोट लावा, दोन-तीन सेकंदही ठेवता आलं नाही तर पुढे चालवू नका आणि मेश पुन्हा तपासा.

बॅटरी संपल्यावर मोटरचे दोन्ही स्क्रू आणि ग्रब स्क्रू की लावून तपासा, सुटलेत का. दुसऱ्या बॅटरीनंतरही पूड दिसली तर पायरी ३ वर परत या, आणि या वेळी दात्यांचा फोटो काढून तारखेसह ठेवा.